मोटारीचा नॉक सेन्सर : दोष कोठें शोधावा?

आपल्या जालना जिल्ह्यांत हल्लीं पुष्कळ बागाईतदारांच्या दारीं एखादी मोटार उभी असते. तिच्या तक्त्यावर एंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, कीं मालकाच्या मनांत धस्स होतें. तो गाडी गॅरेजांत नेतो आणि तेथें जें सांगितलें जाईल तें मानण्यावांचून त्यास गत्यंतर नसतें. गेल्या पावसाळ्यानंतर प्रस्तुत लेखकावर हाच प्रसंग गुदरला. मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हे; सारा जन्म महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेला. तथापि या प्रकरणांत जें शिकावयास मिळालें, तें सभासद बंधूंच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें मांडीत आहें.

प्रथम ठोका, ज्यास कारागीर 'नॉकिंग' म्हणतात, तो कसा होतो तें पाहूं. पेट्रोलच्या एंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण पिस्टन दाबतो आणि योग्य क्षणीं प्लगची ठिणगी पडून तें पेटतें. शेतांतील काडीकचरा एका बांधाकडून पेटविला असतां आग जशी ओळीनें पुढें सरकते, तशीच ज्योत प्लगपासून भिंतीकडे क्रमानें पसरते. परंतु मिश्रण प्रमाणाबाहेर तापलें, तर ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांत उरलेला भाग आपोआप एकदम भडकतो. त्या भडक्यानें दाबाच्या लाटा उठून भिंतींवर आदळतात आणि तांब्याच्या घागरींत खडे हालवावे तसा आवाज येतो. चढावर वरच्या गिअरमध्यें जोर दिला असतां तो विशेष ऐकूं येतो. ठिणगी फार लवकर पडणें, पेट्रोल हलकें असणें, आंत काजळी सांचणें व पाणी कमी होऊन एंजिन तापणें हीं त्याचीं मुख्य कारणें होत. ठोका दीर्घकाळ चालूं दिल्यास पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते. डिझेल ट्रॅक्टराच्या खडखडाटाशीं याची गल्लत करूं नये. तेथें ठिणगीच नसते.

पूर्वीं हा ठोका आवरण्यासाठीं पेट्रोलांत शिशाचें संयुग मिसळीत. ही युक्ति अमेरिकेंत १९२१ सालीं सांपडली. परंतु शिसें विषारी, म्हणून भारतांत १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल सर्वत्र बंद झालें. हल्लीं ऊस, मका इत्यादि पिकांपासून होणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळतात. तें ठोक्यास उलट विरोधच करतें. त्यांत लिटरमागें उष्णता कमी, म्हणून गाडी थोडी कमी चालते ही गोष्ट खरी. पण ठोक्याचा आळ त्यावर घेणें योग्य नव्हे.

आतां सेन्सराकडे वळूं. कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांत वीज उत्पन्न होते, हा शोध क्युरी बंधूंनीं १८८० सालीं लाविला. तसलाच एक तुकडा धातूच्या कड्यांत बसवून तें कडें बोल्टानें एंजिनाच्या अंगास आवळतात. हाच नॉक सेन्सर. ठोका होतांच एंजिनाच्या अंगांत बारीक कंप उठतो, स्फटिकांतून अत्यल्प वीज निघते आणि ती तारेनें गाडीच्या संगणकाकडे जाते. संगणक ठिणगी किंचित् उशिरां पाडतो. ठोका थांबला, कीं ती हळूहळू पूर्ववत् करतो. ही तार तुटली किंवा वीज दुसरीकडे मुरूं लागली, तर संगणक बहिरा होतो. मग तो दिवा लावतो आणि सावधगिरी म्हणून ठिणगी सदैव उशिरांच पाडीत राहतो. गाडी बंद पडत नाहीं. परंतु चढावर जोर लागत नाहीं व पेट्रोल अधिक जळतें.

माझ्या गाडीचें असेंच झालें. गॅरेजवाल्यानें यंत्र लावून पी ०३२७ हा आंकडा वाचला आणि सेन्सर बदलला. चौथ्या दिवशीं दिवा पुन्हां लागला. तेव्हां तो म्हणाला, "साहेब, संगणकच गेला असेल, बदलावा लागेल." त्यानें सांगितलेली रक्कम माझ्या मोसंबीच्या आंबे बहाराच्या निम्म्या उत्पन्नाएवढी होती. मीं चार दिवसांची मुदत मागून घेतली.

येथें मला कचेरींतला अनुभव उपयोगीं पडला. एखाद्याच्या नांवानें तक्रारअर्ज आला, म्हणजे तो दोषी ठरत नाहीं. आधीं स्थळपाहणी व पंचनामा व्हावा लागतो. गाडीचा आंकडा हा असाच तक्रारअर्ज आहे. पी ०३२५ म्हणजे नॉक सेन्सराच्या मंडळांत दोष, ०३२७ म्हणजे तेथून येणारी वीज फार कमी, ०३२८ म्हणजे फार जास्त. मंडळ म्हणजे सेन्सर, जोड, तारा व संगणक हे सारे मिळून. आंकडा मंडळाकडे बोट दाखवितो, वस्तूकडे नव्हे. म्हणून पाहणीचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा.

१. आंकडा पुसण्यापूर्वीं लिहून घ्यावा. दिवा चढावर लागला, कीं गाडी सुरू करतांच, हेंही टिपावें.

२. एंजिन थंड असतां बॅटरीची ऋण तार सोडावी आणि सेन्सरापासून निघालेली तार जेथवर दिसेल तेथवर डोळ्यांनीं पाहावी. उंदरांनीं कुरतडलेलें वेष्टण, जोडांत शिरलेलें पाणी वा तेल, हिरवट गंज यांचा शोध घ्यावा. धान्याच्या कोठाराजवळ गाडी ठेवणाऱ्यांनीं ही पाहणी कदापि चुकवूं नये.

३. तारेचे दोन्ही टोकांचे जोड, म्हणजे सेन्सराकडील व संगणकाकडील, सोडवून मग मीटर लावावा. प्रत्येक तारेंत या टोकापासून त्या टोकापर्यंत विरोध एक ओमच्या आसपास वा त्याहून कमी असावा. तार व एंजिनाचा धातु यांमध्यें, तसेंच दोन तारांमध्यें, संबंध मुळींच दिसूं नये. विहिरीवरील मोटारीसाठीं वापरतात तो मेगर येथें लावूं नये. त्याच्या दाबानें नाजूक भाग जळतात.

४. सेन्सराचा स्वतःचा विरोध गाडीगणिक निराळा असतो. कोणाचा लक्षावधि ओम, तर कोणाचा कांहीं लाख ओमच. त्या गाडीच्या पुस्तकाशीं ताडून पाहावें.

५. मीटर पर्यायी विजेच्या मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सराच्या टोकांस लावावा व सेन्सराजवळ एंजिनाच्या अंगावर पान्यानें हलकेच ठोकावें. कांटा वा आंकडा हालला, तर स्फटिक जिवंत आहे. प्रत्यक्ष सेन्सरावर ठोकूं नये.

६. बोल्ट सैल किंवा अति आवळलेला असला, तरी कंप बरोबर पोंचत नाहीं. बसण्याची जागा स्वच्छ असावी, मध्यें वॉशर घालूं नये आणि बोल्ट पुस्तकांत दिलेल्या मापानेंच, मापाच्या पान्यानें आवळावा.

हें सारें निर्दोष ठरलें, तरच संगणकाकडे संशय न्यावा; तो दोष क्वचित् असतो.

मी गाडी दुसऱ्या एका तरुण कारागिराकडे नेली व हाच क्रम त्यास सांगितला. दुसऱ्याच पायरीवर उलगडा झाला. पावसाळ्यांत गाडी मक्याच्या पोत्यांशेजारीं उभी होती. उंदरांनीं तारेचें वेष्टण कुरतडलें होतें आणि उघडी तार एंजिनाच्या धातूस टेकली होती. सेन्सरानें केलेली वीज संगणकाकडे जाण्याऐवजीं वाटेंतच जमिनीस मिळत होती. त्यानें वेष्टणबंद तारेचा नवा तुकडा डाख लावून जोडला. आंकडा पुसून आम्हीं भोकरदनच्या बाजूच्या चढावर गाडी जोरानें चालवून पाहिली. दिवा लागला नाहीं. खर्च कांहीं शेंकड्यांत भागला. पहिला बदललेला सेन्सर बहुधा चांगलाच होता, याची मात्र हळहळ राहिली.

प्रत्येक शेतकऱ्यानें कारागीर व्हावें, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु कोणती वस्तु कशावरून सदोष ठरविली, हें विचारण्याचा हक्क मालकास आहे. पंचनाम्यावांचून निकाल मान्य करूं नये. आणि मक्याचीं पोतीं व मोटार एका छपराखालीं ठेवूं नयेत.