एक मिलिमीटरचा तपास

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, डोंगराच्या पोटातल्या कोयना वीजगृहासाठी ओळखलं जाणारं पोफळी. अशा गावात मुलाला फिट आली की कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल. मग खाली चिपळूण, नाहीतर घाट चढून कराड. ‘एमआरआय नॉर्मल’ असा रिपोर्ट येतो आणि गोळ्या सुरू होतात. दहातल्या साधारण सात जणांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात येतात. उरलेल्यांना पुन्हा त्याच यंत्रात झोपावं लागतं, पण या वेळी नीट तयारीनं.

यांतल्या काहींच्या फिटचं मूळ जन्माआधीचं असतं. बाळ पोटात असताना मेंदूतल्या पेशी आतून बाहेर सरकत जातात आणि पृष्ठभागावर सहा थरांत बसतात. एखाद्या ठिकाणी ही मांडणी बिघडते. त्यातला एक प्रकार म्हणजे फोकल कॉर्टिकल डिसप्लेझिया. 1971 मध्ये डेव्हिड टेलर आणि सहकाऱ्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तोही शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांत. मेंदूचे एमआरआय तेव्हा निघत नव्हते.

आज ते निघतात, तरी दोष निसटतो. मेंदूचा हा बाहेरचा थर जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड, आणि नेहमीच्या तपासणीतले काप बहुधा पाच मिलिमीटरचे, मध्ये फट सोडून काढलेले. म्हणून 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या तज्ज्ञांनी एक मिलिमीटरचे सलग काप सुचवले. त्यांत दिसतं ते असं: एका वळीपाशी करड्या-पांढऱ्या भागांमधली रेघ पुसट झालेली, थर किंचित जाड, आणि कधी तिथून आतल्या पोकळीपर्यंत निमुळता होत गेलेला पांढुरका पट्टा. काही दोष मात्र इतके सूक्ष्म असतात, की त्यांच्यासाठी व्हिडिओ ईईजी आणि पेट स्कॅनची जोड लागते.

ही मेहनत का घ्यायची? 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या 9,523 शस्त्रक्रियांच्या अभ्यासात मुलांमध्ये सर्वाधिक आढळलेलं कारण फोकल कॉर्टिकल डिसप्लेझिया हेच होतं. जागा नेमकी सापडली, तर तेवढाच भाग काढून फिट थांबण्याची आशा बरीच वाढते. मुंबईच्या केईएममध्ये आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशा शस्त्रक्रिया होतात. श्री चित्रामध्ये 1995 पासून.

घरच्यांचं कामही यात मोठं. फिटचा मोबाईलवर व्हिडिओ काढावा, जुन्या एमआरआयची सीडी जपावी. एमआरआयसाठी दिलेल्या चिठ्ठीवर नुसतं ‘फिट येतात’ असेल, तर नेहमीची तपासणी होऊन विषय संपतो. ‘डाव्या हातापासून सुरू होते’ एवढं लिहिलेलं असलं, की वाचणारा डॉक्टर मेंदूची उजवी बाजू पुन्हा एकदा, वळी न वळी तपासतो.