स्टॅटिन औषधांची अ‍ॅलर्जी

स्टॅटिन औषधांची अ‍ॅलर्जी म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन इत्यादी औषधांना शरीराच्या प्रतिकारसंस्थेने दिलेला अनिष्ट प्रतिसाद होय. ती क्वचितच आढळते. व्यवहारात मात्र या गोळ्यांमुळे होणाऱ्या कोणत्याही त्रासाला अ‍ॅलर्जी म्हटले जाते. केसपेपरवर तशी नोंद झाली, की हृदयविकाराच्या झटक्यापासून संरक्षण देणारे औषध रुग्णाला पुढे कायमचे नाकारले जाण्याची शक्यता असते.

लक्षणे

खऱ्या अ‍ॅलर्जीत अंगावर पित्त उठते, त्वचेवर पुरळ येते, ओठ व चेहरा सुजतो. घशाला सूज येऊन श्वास कोंडणे अत्यंत विरळ, पण प्राणघातक असते. स्नायुदुखी ही सर्वांत सामान्य तक्रार बहुधा अ‍ॅलर्जी नसते. ब्रिटनमधील ‘सॅमसन’ चाचणीत (२०२०) त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आळीपाळीने स्टॅटिन आणि औषधविरहित गोळ्या दिल्या गेल्या. स्टॅटिन घेताना जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषधविरहित गोळ्यांनीही जाणवला. हा त्रास खोटा नव्हे. त्याचे कारण गोळीतील औषध नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

वयोगटानुसार स्वरूप

आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या मुलांना साधारणतः ८ ते १० वर्षांपासून स्टॅटिन देता येते. मुलांमध्ये पित्त उठण्याचे कारण पुष्कळदा विषाणुसंसर्ग असते. दोष मात्र नव्या गोळीवर येतो.

मध्यम वयात गुंतागुंत अधिक असते. झटका आल्यानंतर स्टॅटिनबरोबरच अ‍ॅस्पिरिन आणि रॅमिप्रिलसारखी औषधे एकदम सुरू होतात. अ‍ॅस्पिरिनने पित्त उठू शकते. रॅमिप्रिलने ओठ-जीभ सुजू शकते, तीही कधी कधी औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी. भारतात अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन व अ‍ॅस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळत असल्याने नेमके कोणते औषध बाधले हे वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय कळत नाही.

पन्नाशीनंतर एक वेगळा विकार लक्षात ठेवावा लागतो. स्टॅटिन ज्या एचएमजी-कोए रिडक्टेज विकराला रोखते, त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन खांद्यांचे व मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. प्रमाण लाखात दोन-तीन रुग्ण इतके अल्प असले, तरी गोळी थांबवूनही हा विकार चालूच राहतो व प्रतिकारसंस्था दाबणारे उपचार लागतात. वृद्धांतील इतर स्नायुदुखीमागे थायरॉइडची कमतरता किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने रक्तात वाढलेले स्टॅटिनचे प्रमाण असू शकते.

निदान व नोंद

या अ‍ॅलर्जीसाठी सर्वमान्य त्वचाचाचणी नाही. सौम्य पुरळ असल्यास डॉक्टर औषध थांबवून नंतर दुसरे स्टॅटिन कमी मात्रेत देऊन पाहतात. घसा सुजलेल्या रुग्णावर हा प्रयोग करीत नाहीत. अशा वेळी अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन तातडीने लागते. गोदावरीकाठच्या शहागडसारख्या (जि. जालना) गावांतून मोठे रुग्णालय दूर पडते, म्हणून २०१४ पासून राज्यात उपलब्ध असलेली १०८ रुग्णवाहिका सेवा येथे विशेष उपयोगी ठरते.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद २०१० मध्ये सुरू झालेला भारतीय औषध-सतर्कता कार्यक्रम ठेवतो. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र असून रुग्णांसाठी वेगळा नोंदणी-अर्ज आहे. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ वरही माहिती देता येते. त्यात औषधाचे नाव, ते सुरू केल्याची व त्रास सुरू झाल्याची तारीख आणि सोबत घेतलेली इतर औषधे नमूद करावी लागतात.