गावाच्या नावातील पाण्याची वाट

भूगोलाच्या पाठात ‘कालवे’ हा शब्द येतो. शिक्षक फळ्यावर धरण काढतात, त्याच्या दोन्ही अंगांस एकेक रेषा ओढतात आणि ‘हे कालवे’ असे सांगतात. मालवण किनाऱ्यावरील मुलाच्या मनात मात्र या शब्दाने निराळेच चित्र उभे राहते. त्याच्या घरी कालवे म्हणजे ओहोटीच्या वेळी खाडीतील खडकांवरून फोडून आणावयाचा शिंपल्यांतील जीव होय. ‘कालवा’ हा पुल्लिंगी शब्द आणि ‘कालव’ हा नपुंसकलिंगी शब्द. पण अनेकवचनात दोहोंचे रूप ‘कालवे’ असे एकच होते. मुलाचे उत्तर येथे चुकीचे नसते. त्याच्या परिसरात जे आहे तेच तो सांगतो.

अशा वेळी मुलास गप्प न करता शिक्षकाने एक प्रश्न विचारावा : ‘तुमच्या मळ्यात, बागेत व्हाळाचे पाणी ज्या वाटेने येते, तिला काय म्हणतात?’ ‘पाट’ हे उत्तर बहुधा लगेच येईल. पाठ्यपुस्तकातील कालवा आणि मुलाच्या घरामागचा पाट ही एकाच कुळातील दोन भावंडे आहेत, हे समजले की पाठ अर्धा झालाच. धरणापासून अभियंता आखून काढतो तो कालवा. व्हाळापासून गावकरी हाताने काढतात तो पाट. शासनाच्या संबंधित खात्यासही दीर्घकाळ ‘पाटबंधारे’ हेच नाव होते. पुढे ते ‘जलसंपदा’ झाले.

पाट कसा घडतो

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. जमीन उताराची, खडक जांभ्याचा, नद्या आखूड. सह्याद्रीवर पडलेले पाणी पाहता पाहता समुद्रास मिळते. म्हणून पावसाळा सरल्यावर जे थोडे पाणी व्हाळातून वाहत राहते, ते अडवून वळविणे हे येथील शेतकऱ्याचे जुने काम आहे.

भातकापणी आटोपली की गावकरी व्हाळावर दगड, माती, फांद्या व पाला यांचा कच्चा बांध घालतात. अलीकडे सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती व वाळू भरून घातलेले बांधही दिसतात. त्यांस वनराई बंधारे म्हणतात. बांधामुळे पाण्याची पातळी थोडी चढते. चढलेल्या पाण्यास काठाला वाट करून देतात. तोच पाट होय.

पाटाचे मर्म त्याच्या उतारात आहे. समजा, व्हाळ शंभर पावलांत हातभर खाली उतरतो. पाट तेवढ्याच अंतरात बोटभरच उतरेल अशा बेताने डोंगराच्या कडेकडेने नेलेला असतो. त्यामुळे जसजसे पुढे जावे तसतसा व्हाळ खोल राहतो आणि पाट उंचावर आल्यासारखा दिसतो. या दोहोंच्या मधल्या जमिनीस पाणी आपोआप मिळते. पाटाच्या वरच्या अंगाची जमीन कोरडी राहते. ‘पाटाखालची’ आणि ‘पाटावरची’ असा जमिनीचा भेद लोक बोलण्यात करतात, त्याचे कारण हेच. जुन्या महसुली भाषेतही पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीस ‘पाटस्थळ’ आणि विहिरीवर मोट चालवून भिजविलेल्या जमिनीस ‘मोटस्थळ’ अशी वेगळी नावे होती.

पाणी थोडे व शेते अनेक, म्हणून पाळी ठरते. पाटात साचलेला गाळ व पाला सर्वांनी मिळून काढावा लागतो. पहिल्या मोठ्या पावसात कच्चा बांध वाहून जातो आणि पुढील हंगामात तो पुन्हा घालावा लागतो. म्हणजे पाट ही एकदा बांधून ठेवलेली वस्तू नव्हे. गाव दरवर्षी एकत्र येते तोवरच पाट असतो.

नावे कशी पडली

पावसाच्या पाण्यावर होणारे भात निराळे आणि पाऊस गेल्यावर पाटाच्या किंवा ओलाव्याच्या आधाराने घेतलेले दुसरे भात निराळे. या दुसऱ्या पिकास कोकणात व गोव्यात ‘वायंगण’ म्हणतात. गोव्यात पावसाळी पिकास ‘सरद’ असा जोडशब्द आहे. सिंधुदुर्गात ‘वायंगणी’ नावाचे एक गाव मालवण तालुक्यात आचऱ्याच्या बाजूस आहे आणि त्याच नावाचे दुसरे गाव वेंगुर्ले तालुक्यात समुद्रकाठी आहे. गोव्यात दोनापावलाजवळ ‘वायंगिणी’ आहे. या नावांत वायंगण हा शब्द उघड दिसतो. एका गावाने दुसऱ्याचे नाव उचलले असे मानण्याचे कारण नाही. ज्या ज्या ठिकाणी पावसाळ्यानंतरही भात पिकविण्याइतके पाणी हाती होते, त्या त्या ठिकाणच्या लोकांस हीच गोष्ट नाव देण्यासारखी वाटली असावी.

कुडाळ तालुक्यात परुळे व म्हापण यांच्या शेजारी ‘पाट’ या नावाचेच गाव आहे. तेथे मोठा तलाव असून हिवाळ्यात त्यावर पाणपक्षी उतरतात. कोकणात गावाच्या नावास ‘कर’ हा प्रत्यय लागून आडनाव होते. त्या रीतीने पाटकर आणि वायंगणकर ही आडनावे घडली आहेत. शिक्षक रोज सकाळी हजेरी घेतात, तेव्हा अशी गावांची नावेच ते मोठ्याने वाचत असतात.

नाव व पाट यांची जोडी सर्वत्र मिळेलच असे मात्र नाही. मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव इ. स. १५३० मध्ये नागेश देसाई या मांडलिकाने बांधल्याची नोंद सांगितली जाते. सिंचनाचा जुना वारसा म्हणून आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिःसारण आयोगाने २०२० साली त्यास मान्यता दिली. या तलावाचे पाणी धामापूर व काळसे येथील शेतीस मिळत आले आहे. परंतु धामापूर या नावात ना पाट आहे, ना तळे. पाणी आहे पण नावात त्याची खूण नाही, असेही घडते.

सारखे नाव, निराळे मूळ

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मराठीत ‘पाट’ हा शब्द अनेक अर्थांचा आहे. जेवावयास बसण्याचा लाकडी पाट, पुनर्विवाहाच्या अर्थाचा पाट आणि पाण्याचा पाट हे तिन्ही शब्द कानास सारखेच लागतात. म्हणून नावात ‘पाट’ ऐकू आला की तेथे पाण्याचा पाट असलाच पाहिजे, असा निष्कर्ष काढू नये. जमिनीचा उतार, जवळचा व्हाळ, शेतांची मांडणी आणि वृद्धांचे सांगणे ही एकमेकांशी जुळली तरच अनुमान धरावे.

दूरच्या शहरांतील दोन उदाहरणे ही गोष्ट चांगली स्पष्ट करतात. अमेरिकेत ‘कॅनाल स्ट्रीट’ म्हणजे ‘कालव्याचा रस्ता’ या नावाचे रस्ते अनेक शहरांत आहेत. न्यूयॉर्क येथे १९ व्या शतकाच्या आरंभी एका दूषित तळ्याचे पाणी काढून देण्यासाठी खरोखरच कालवा खणला होता. काही वर्षांत तो झाकला गेला आणि त्याच्या जागी रस्ता झाला. कालवा नाहीसा झाला, नाव राहिले. न्यू ऑर्लिन्स येथील त्याच नावाच्या रस्त्याची हकीकत उलट आहे. तेथे कालवा खणण्याचा बेत ठरला होता, जागाही राखून ठेवली होती. पण तो कालवा कधी झालाच नाही. नाव मात्र कायम झाले. एकच नाव एके ठिकाणी गेलेल्या वस्तूची आठवण आहे आणि दुसरीकडे न झालेल्या वस्तूची.

महाराष्ट्रातही ही विविधता आहे. छत्रपती संभाजीनगर येथे मलिक अंबरने १७ व्या शतकाच्या पूर्वार्धात नहर-ए-अंबरी ही भूमिगत पाणीयोजना केली. ‘नहर’ म्हणजे कालवाच. पुढील काळात तेथे आणखी नहरी झाल्या. पाणचक्की अशाच नहरीच्या पाण्यावर चाले आणि थत्ते नहरीचे नाव आजही त्या शहरात परिचित आहे. पुणे व नाशिक येथे कालव्याच्या काठाने गेलेल्या रस्त्यांस ‘कॅनॉल रोड’ म्हणण्याचा प्रघात आहे. नाशिक व धुळे भागांत फड पद्धतीने शेतीस पाणी वाटून देणाऱ्या माणसास ‘पाटकरी’ म्हणतात. कोकणात पाटकर हे गावावरून पडलेले आडनाव, तर खानदेशात पाटकरी हे कामावरून पडलेले नाव. एका वेलांटीने अर्थ किती बदलतो, हे मुलांस येथे दाखविता येते.

मुंबईत नातलग असलेली मुले प्रत्येक शाळेत असतात. त्यांस उमरखाडी हे नाव ठाऊक असते. आज तेथे खाडी दिसत नाही. मुंबईची बेटे जोडताना मधले पाणी बुजविले गेले आणि खाडीचे नाव वस्तीस चिकटून राहिले.

हे शिकविण्याचे प्रयोजन

स्थलनामांचा अभ्यास ही केवळ गमतीची माहिती नव्हे. पाणी आपली वाट सहजासहजी सोडत नाही. पाटाच्या, व्हाळाच्या किंवा सखल पाणंदीच्या जागी भराव घालून बांधकाम केले, तर पावसाळ्यात पाणी जुन्या वाटेनेच येऊ पाहते आणि अंगणात, घरात शिरते. त्या जागेचे जुने नाव माहीत असते तर सूचना आधीच मिळाली असती. तसेच पाट वाहता असे तोवर त्यातील पाणी जमिनीत मुरून खालच्या बाजूच्या विहिरींसही मिळे. पाट बंद पडलेल्या वाडीत विहिरी लवकर आटू लागल्या असतील, तर त्यामागे हेही एक कारण असू शकते.

दुसरी गोष्ट शब्दांची. व्हाळ, बाव, कोंड, पाणंद, खाजण, वायंगण हे शब्द वृद्धांच्या तोंडी आहेत. शेती सुटली, पंप आला, तरुण मंडळी शहरात गेली, की या शब्दांचा उपयोग थांबतो आणि एका पिढीत ते नाहीसे होतात. शाळेत मूल ‘बाव’ म्हणाले आणि त्यास ‘विहीर म्हण’ एवढेच सांगितले गेले, तर त्या नाहीसे होण्यास शाळेचाही हातभार लागतो. प्रमाण भाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. परंतु ‘विहीर’ शिकविण्यासाठी ‘बाव’ पुसावी लागत नाही.

पाठाची मांडणी

हा पाठ तिसरी व चौथीच्या परिसर अभ्यासात पुढीलप्रमाणे घेता येईल.

१. हजेरीपत्रकातील ‘कर’ प्रत्यय असलेली आडनावे फळ्यावर लिहावी. त्यांतील गावे तालुक्याच्या व जिल्ह्याच्या नकाशात मुलांकडून शोधवावी. पाणी, पीक, झाड किंवा डोंगर यांवरून पडलेली वाटतात ती नावे वेगळी काढावी.

२. मुलांनी घरी आजी-आजोबांस विचारून आपल्या वाडीतील शेतांची, वाटांची व पाणवठ्यांची नावे आणावी. सातबारा उताऱ्यात शेताचे स्थानिक नाव लिहिण्यास जागा असते. ते नाव व घरात बोलले जाणारे नाव एकच आहे का, हे पाहावे.

३. मिळालेली माहिती तीन रकान्यांत लिहावी : ‘नाव’, ‘लोक काय सांगतात’ आणि ‘जागेवर काय दिसते’. ऐकीव कथा खोडू नये. परंतु पाहिलेल्या गोष्टीत ती मिसळूही नये. पुरावा म्हणजे काय, हे मुलांस यातून नकळत समजते.

४. डिसेंबर किंवा जानेवारीत एक दिवस पाटाच्या काठाने बांधापासून शेतापर्यंत चालत जावे. उतार दाखविण्यासाठी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. मुलांस खोल पाण्याजवळ जाऊ देऊ नये व एखादा पालक सोबत असावा. जेथे पाट नाही तेथे खाजणाचा बांध किंवा गावतळे पाहावे. दोडामार्ग व सावंतवाडी तालुक्यांतील शाळांस तिलारी प्रकल्पाचा कालवा दाखविता येईल. महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांचा हा संयुक्त प्रकल्प आहे. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले असता उजव्या हातास येतो तो उजवा कालवा व डाव्या हातास येतो तो डावा कालवा, ही संज्ञा तेथेच सांगावी.

५. परत आल्यावर वाडीचा कच्चा नकाशा काढावा. वाहता पाट निळ्या, कोरडा पाट तपकिरी आणि बुजलेला पाट लाल रंगाने दाखवावा.

६. बोलीतील प्रत्येक शब्दासमोर प्रमाण मराठीतील शब्द लिहून वर्गाचा छोटा शब्दसंग्रह करावा. जिल्ह्याबाहेरून आलेल्या शिक्षकांस या कामी मुलेच शिकवितील. त्यात शिक्षकास कमीपणा नाही आणि मुलांचा उत्साह मात्र दुप्पट होतो.

हा नकाशा व शब्दसंग्रह वर्षअखेर फेकून न देता शाळेच्या दप्तरी ठेवावा आणि पुढील वर्षाच्या मुलांनी त्यात भर घालावी. शिक्षकाची बदली झाली तरी नव्याने येणाऱ्यास गावाची ओळख त्यावरून होईल. वायंगण कोठे पिकत असे, पाट कोणत्या कडेने येत असे आणि पाळी कशी लावीत असत, हे सांगणारी माणसे आज वाडीत आहेत. त्यांच्याकडून ते लिहून घेण्याचे काम चौथीतील मूलही करू शकते. ते याच वर्षी हाती घ्यावे.