पडद्यावरचा रंग खरा किती?



हल्लीं घरोघरीं लग्नमुंजींचीं छायाचित्रें प्रथम संगणकाच्या पडद्यावर पाहिलीं जातात आणि मग छापावयास जातात. छापून आलीं म्हणजे "शालू तर डाळिंबी होता, हा विटकरी कसा झाला?" असा प्रश्न निघतो आणि दोष छापणाराच्या माथीं बसतो. पुष्कळदां तो बिचारा निरपराध असतो. खोटें बोललेला असतो आपला मॉनिटर.

मॉनिटरला रंग कळत नाहीं. त्याला प्रत्येक बिंदूसाठीं केवळ तीन आंकडे मिळतात : तांबड्याचा, हिरव्याचा व निळ्याचा, प्रत्येक ० पासून २५५ पर्यंत. या तीन रंगांतून इतर रंग साधतात, हें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८६१ सालीं लंडन येथें एका रंगीत फितीचें छायाचित्र पडद्यावर पाडून दाखविलें होतें. अडचण एवढीच कीं, तेच आंकडे दोन मॉनिटरांना दिले तर दोन निराळे तांबडे उमटतात. कारण प्रत्येकाचा दिवा निराळा, गाळण्या निराळ्या, वयही निराळें. म्हणून १९९६ सालीं ह्युलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनीं एसआरजीबी नांवाचें एक प्रमाण सुचविलें. १९९९ सालीं त्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यांत पांढरा रंग सुमारें ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, धरला आहे. उजेडाची चढणही ठरलेली आहे. तिला गॅमा म्हणतात व ती अदमासें २.२ असते. १२८ हा आंकडा दिला कीं निम्मा उजेड पडेल असें आपणांस वाटेल; प्रत्यक्षांत पूर्ण उजेडाच्या सुमारें २२ टक्केच पडतो, आणि डोळ्यांस तोच मध्यम वाटतो.

मग डोळ्यांनींच पडदा जुळवून कां घेऊं नये? कारण डोळा हा फार समजूतदार साक्षीदार आहे. पिवळ्या दिव्याखालीं पांढरें धोतर त्याला पांढरेंच दिसतें, आणि निळसर पडद्याचीही त्याला पांच-दहा मिनिटांत संवय होते. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं दिवंगत आईच्या जुन्या छायाचित्राची प्रत संगणकावर घेतली. मूळ कागद वाळवीनें खाल्ला, तेव्हां तीच एक प्रत उरली. त्यांचा पडदा निळसर. चेहरा फिका वाटला म्हणून त्यांनीं पिवळा वाढविला व तीच प्रत जतन केली. बहिणीच्या घरीं पाहतात तों आईला कावीळ झालेली! पडदा नीट करावयाचा, तो चित्र बिघडवून बसले. चित्रास हात लावण्यापूर्वीं मूळ प्रत निराळी ठेवावी, हें मी येथेंच सांगून टाकतों.

खरा उपाय म्हणजे कलरीमीटर हें लहानसें यंत्र. मॉनिटर अर्धा तास चालूं ठेवावा. रात्रीं पडदा पिवळा करणारी सोय आणि आपोआप उजेड कमीजास्त करणारी सोय, दोन्ही बंद कराव्या. पडद्याचा उजेड दर चौरस मीटरला १०० ते १२० कॅंडेलांपर्यंत आणावा. कारखान्यांतून तो बहुधा याहून बराच प्रखर येतो. त्यामुळें पडद्यावर लखलखीत दिसलेलें चित्र कागदावर काळवंडतें. छापाबद्दलच्या तक्रारींत हीच मला सर्वांत मोठी वाटते. नंतर यंत्र पडद्यावर टेकवून ठेवावें. रंगाचे चौकोन एकामागून एक उमटतात, यंत्र त्यांचें मोजमाप घेतें व शेवटीं प्रोफाइल नांवाची एक नोंद तयार होते.

येथें दोन गोष्टींची गल्लत होते. घड्याळ पांच मिनिटें मागें असेल तर कांटे फिरवावयाचे, हें झालें कॅलिब्रेशन. तरीही तें रोज किती सेकंद चुकतें तें टिपून ठेवावयाचें, ही झाली प्रोफाइल. ही टिपण वाचून संगणक पुढें आंकडे सुधारून देतो. दिवा जुना होत जातो, म्हणून हें मोजमाप महिन्या-दोन महिन्यांनीं पुन्हां घ्यावें.

यंत्र घेणें परवडत नसेल तर विंडोज व मॅक या दोहोंतही डोळ्यांनीं जुळवणी करण्याची सोय आहे. ती अगदींच टाकाऊ नाहीं. शिवाय एक छायाचित्र कांहींही फेरफार न करतां छापून घ्यावें, छापणारासही फेरफार करूं नये असें सांगावें, आणि तें दिवसाच्या उजेडांत पडद्याशेजारीं धरावें. पडदा अधिक उजळ दिसला तर त्याचा उजेड उतरवावा. मात्र त्या वेळीं खिडकीचें ऊन पडद्यावर पडूं देऊं नये, आणि भिंतीला गडद गुलाबी रंग असेल तर मॉनिटरचें तोंड दुसरीकडे वळवावें.