मर्यादेचं पीठ

पिठाचं वय विचारणारं स्वयंपाकघर निपाणी-चिकोडी भागात आजही आहे. थंडीत दळलेलं पीठ ७ दिवस चालतं, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात फक्त ३. पावसाळ्यातल्या चौथ्या दिवशी तेच पीठ घरच्यांच्या ताटात खुशाल जाईल, चौक्यात मात्र येणार नाही. दिगंबर जैन मुनींच्या आहारासाठी जे सोवळ्यातलं स्वयंपाकघर मांडतात तो चौका. आणि पिठाच्या या मुदतीला म्हणतात मर्यादा.

हंगामी भाजीपाल्यातून, दूध-तुपाशिवाय स्वयंपाक शिकवणारे वर्ग आता मोठ्या शहरांत भरतात. सीमाभागात तसं काही शोधायला निघालं, तर बेळगाव जिल्ह्यातली तुक्कानट्टी आणि मत्तिकोप इथली दोन कृषी विज्ञान केंद्रं नजरेसमोर येतात. परसबाग, भरडधान्यं, घरच्या आहाराचं पोषण हे विषय अशा केंद्रांच्या गृहविज्ञान शाखेकडे असतात. पण या मुलखातला जुना आणि कडक वर्ग चौक्यात भरतो. त्याची नोंद कुठल्याही प्रशिक्षण-यादीत सापडायची नाही.

तसा हा पट्टा जैन इतिहासात मोठ्या मानाचा. निपाणीजवळच्या तवंदी घाटातल्या स्तवनिधी क्षेत्रावर १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. तीच आजची दक्षिण भारत जैन सभा. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवं बळ देणारे आचार्य शांतिसागर (१८७२-१९५५) भोजचे, तर आचार्य देशभूषण कोथळीचे. आषाढ ते कार्तिक मुनिसंघ एका गावी मुक्काम करतो, तेव्हा घरोघर चौके लागतात.

सून सासूच्या हाताखाली शिकते, लेक आईच्या, आणि दोघींना चुकलेलं सांगायला संघातल्या ब्रह्मचारिणी दीदी असतात. पहिला धडा पाण्याचा. जाड दुपदरी कापडातून पाणी गाळायचं, कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा २४ तास. मग धान्य शोधायला बसायचं. इथं निवडण्याला शोधणं म्हणतात, आणि ते काम दिवसाच्या उजेडातच करायचं.

भाजीचा धडा सगळ्यात अवघड. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा ही कंदमुळं बाद. बेळगाव तालुक्याची रताळी दूरच्या बाजारपेठांत नावाजलेली, पण चौक्याच्या उंबऱ्याशी तीही थांबतात. वांगी नाहीत, कोबी-फ्लॉवर नाही. पावसाळ्यात पाल्याला कीड-अळी लागते, म्हणून चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य. उरतात त्या वेलावरच्या आणि झाडावरच्या भाज्या: दोडका, दुधी, पडवळ, घोसाळी, तोंडली, भेंडी, कच्ची केळी. ओलं आलं चालत नाही, सुंठ चालते. हे नियम जीवदयेतून आले. ते पाळता पाळता कोणत्या महिन्यात मळ्यात काय असतं, हे मात्र बाईला पंचांग न बघता सांगता येऊ लागतं.

चौका पूर्णपणे वनस्पतिजन्य नसतो, हे स्पष्ट सांगायला हवं; दूध-तूप त्याला निषिद्ध नाही. पण मुनी रसत्याग करतात. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहा रसांपैकी काही रस काही काळासाठी, तर काही जन्मभरासाठी सोडलेले असतात. दूध-दही-तूप सोडलेल्या मुनींचा आहार आपसूकच केवळ वनस्पतींचा होतो; तेल आणि मीठही गेलं तर फोडणीवर विसंबलेली सुगरण उघडी पडते. मग तीळ, शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं, आवळा, लिंबू यांच्या जोरावर चव उभी करावी लागते. भारी मसाले हाताशी नसताना दोडक्याची स्वतःची गोडी राखणं ही खरी कारागिरी आहे, आणि ती थक्क करणारी आहे.

परीक्षा रोजची. मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. घासात केस किंवा किडा आढळला की अंतराय. आहार तिथंच थांबतो, आणि पुन्हा अन्न थेट दुसऱ्या दिवशी. म्हणून ‘निरंतराय झाला’ हे दोन शब्द ऐकेपर्यंत घरातली बाई श्वास रोखून असते.

पुन्हा पिठाकडे वळायला हवं, कारण या साऱ्या शिस्तीचं मर्म त्यात आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरी एकसंध राहते ती गरम पाण्यानं फुगलेल्या पिष्टामुळे आणि मळणाऱ्या तळहातामुळे. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. काठवटीत कितीही मळा, थापताना कडा फाटतात. दाण्यातला कोंब दळला गेला की त्यातलं तेल हवेला उघडं पडतं आणि उष्म्यानं खवट होऊ लागतं. पावसाळी दमटपणात जाळी धरते, पोरकिडे होतात. थंडीत हे सारं संथ चालतं. तीन, पाच, सात या आकड्यांमागे धर्मशास्त्राइतकीच पिढ्यान्‌पिढ्यांची नजर असावी, असं मानायला जागा आहे. जातं बंद पडल्यावर ही मर्यादा मोडली असती, कारण गावच्या गिरणीत दुसऱ्याच्या दळणाचं पीठ मिसळतं. तिला तारलं विजेवरच्या घरघंटीनं. धुऊन वाळवलेलं धान्य लागेल तेवढंच दळायचं, त्याच दिवशी.

शेताला मात्र घरघंटीसारखा तोडगा निघालेला नाही. निपाणीची ओळख तंबाखूची. १९८१ चं शेतकरी आंदोलनही त्याच पिकाच्या भावासाठी पेटलं होतं. पाणी आलं तिथं ऊस आला. ज्वारीत मूग-मटकी आणि बांधाला अंबाडी, अशी मिश्र शेती त्यानं मागं ढकलली. बाजारात बारमाही भाजी मिळते, त्यामुळे ऋतू ओळखायची गरजच उरत नाही. मुली शिक्षण-नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला जातात. चातुर्मासात चार महिने आईच्या हाताखाली राहणं त्यांना शक्य नसतं. १९७० च्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकानं वाटी-चमच्याच्या मापात लाखो घरांना स्वयंपाक शिकवला. चौक्याचे नियमही छापून ठेवता येतात, पण बिनतेलाचा दोडका कधी उतरवायचा हे शेजारी उभं राहूनच कळतं.

आणखी एक अडचण चौक्याच्या आतलीच आहे. सोवळ्यामुळे बाहेरच्या माणसाला तिथं प्रवेश नसतो, म्हणून शेजारच्या मराठा, लिंगायत किंवा मुस्लिम घरापर्यंत ही विद्या पोचलीच नाही. दूध-दुभतं कायमचं सोडू पाहणाऱ्या तरुणांना तर तिची आज खास गरज आहे. त्यांना सोबत हेही सांगावं लागेल, की वनस्पतिजन्य अन्नातून ब-१२ जीवनसत्त्व भरवशानं मिळत नाही, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं वेगळं घ्यावं.

चौक्याचं पावित्र्य जसं आहे तसंच राहू द्यावं. पण त्यातली पाककला चौक्याबाहेर, सार्वजनिक सभागृहात शिकवायला कोणताच नियम आड येत नाही. जैन सभेनं आणि कृषी विज्ञान केंद्रांनी मिळून येत्या चातुर्मासात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत, कोणत्याही समाजाच्या बायका-पुरुषांना बसता येईल असा वर्ग सुरू करावा. शिकवू शकतील अशा जाणत्या बायका निपाणी-चिकोडीच्या गावांत आज आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचं वय झालं आहे.