लोखंडाची निळाई

सायनोटाइपसाठी, म्हणजे उन्हाच्या मदतीने निळी छपाई करण्यासाठी, मलमल आणली की आधी तिची खळ काढावी लागते. खळ राहिली तर द्रावण धाग्यात शिरत नाही, वरवर बसतं आणि धुताना सगळी निळाई निघून जाते. माझे पहिले तीन तुकडे असेच मोरीत वाहून गेले.

द्रावणं दोन : फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. मंद पिवळ्या दिव्याखाली ती सारखी मिसळून कापडाला ब्रशने लावायची आणि कापड अंधारात वाळवायचं. मग त्या पोपटी मलमलीवर नेच्याचं पान, वर काच, आणि गच्चीवरचं ऊन. कापड निळसर होतं, गडद होतं, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये 10-12 मिनिटांत राखाडी पडतं. बिघडलं असं वाटून नवशिका इथेच ते उचलतो. उचलू नये. अतिनील किरणांनी फेरिक लोहाचं फेरस होतं, ते फेरिसायनाइडशी जुळतं आणि पाण्यात न विरघळणारा प्रशियन निळा धाग्यातच तयार होतो. पानाखालचं द्रावण मात्र साध्या पाण्यात धुऊन जातं. बादलीतून कापड वर घेताना नेच्याची एकेक पाती पांढरी उमटते. उन्हात काच केसभर जरी सरकली असेल, तरी पातीला दुसरी फिकी कड दिसते.

ही रीत 1842 साली खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी शोधली. पुढच्याच वर्षी त्यांच्या परिचयातल्या ॲना ॲटकिन्स यांनी ब्रिटनमधली समुद्रशैवालं थेट कागदावर ठेवून छापायला घेतली, कारण त्यांचे तंतू हाताने रेखाटणं फार जिकिरीचं होतं. छायाचित्रं असलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्यांच्या या कामाकडे पाहतात. त्याचे भाग 10 वर्षं निघत राहिले. पुढे इमारतींचे नकाशेही असेच छापले गेले. ‘ब्ल्यूप्रिंट’ शब्द तिथला.

पण कागद एकदा धुतला की भिंतीवर जातो. कापड अंगावर येतं, घामेजतं, पुन्हा पुन्हा धुतलं जातं. म्हणून मला कापडावरचं काम जास्त मोलाचं वाटतं. प्रशियन निळ्याला अल्क सोसत नाही. माझी एक ओढणी चुकून धुण्याच्या सोड्यात भिजली आणि तिची निळी जमीन पिवळी पडली. रंग गेला, तरी लोह धाग्यातच होतं. मी हिरड्याचा काढा केला आणि ओढणी त्यात बुडवली. हिरड्यातलं टॅनिन लोहाला धरतं. आपले रंगारी याच जोडीतून काळा रंग काढत आले. पाऊण तासात जमीन तपकिरी झाली, मग काळपट. नेचाही पांढरा राहिला नाही, हिरड्याची फिकट पिवळी झाक त्याच्यावर चढली.