पेशीतली घमेल्यांची रांग

मुलांनो, आपल्या रांजणगावात कुणाच्या घराचा स्लॅब पडतो तेव्हा माणसांची रांग तुम्ही पाहिली असेल. भरलेले घमेले हातोहात वर जाते. थोडा माल वाटेत सांडतोच. अशीच एक रांग आपल्या शरीरात रात्रंदिवस चालू असते.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशीत तंतुकणिका नावाचे बारीक भाग असतात. खाल्लेल्या भाकरीतून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे एकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात. शेवटी ते श्वासातल्या ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होते. यात जी शक्ती सुटते तिच्यावरच आपण पळतो, खेळतो.

रांगेतला एक गडी म्हणजे को-एन्झाइम क्यू. १९५७ साली अमेरिकेत फ्रेडरिक क्रेन यांना तो गुरांच्या हृदयात सापडला. त्याच्या पुढचा गडी सायटोक्रोम सी. तो वनस्पतींतही असतो, हे आपल्या डॉ. कमला सोहोनी यांनी केंब्रिजला बटाट्यावर काम करून दाखवले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. म्हणजे बटाट्यातली नि आपल्यातली रांग एकाच धर्तीची!

क्यू दोन इलेक्ट्रॉन घेतो. पण एकच हाती असला, की तो कधी निसटतो आणि मध्येच ऑक्सिजनला चिकटतो. हाच मुक्त मूलक. तो पेशीला इजा करतो. क्यूला कड्यांची शेपटी असते. उंदरात ती बहुतेक ९ कड्यांची, गाईत व माणसात १० कड्यांची. सस्तन प्राण्यांची हृदये तपासली तेव्हा ९ कड्यांचा क्यू जास्त, तेथे गळतीही जास्त दिसली. मात्र गळतीमुळेच आयुष्य घटते असे सिद्ध झालेले नाही.

शरीर काही गप्प बसत नाही. एक विकर मुक्त मूलकाचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. कॅटॅलेज हे दुसरे विकर त्याचे पाणी व ऑक्सिजन करते. गुरुजींसमोर चिरलेल्या बटाट्यावर जखम धुण्याच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकून पाहा. फेस येईल. ते कॅटॅलेजचेच काम!

"क्यूच्या गोळ्या खा, म्हातारपण पळवा" अशा जाहिराती येतात. तसा पुरावा नाही. शरीर क्यू स्वतःच तयार करते. शेंगदाणे, मासे यांतूनही थोडा मिळतो. तेव्हा आजी-आजोबांना सांगा, गोळीवर पैसे घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.